मोरीचं पाणी कुठे जातं

४ जून

धाकट्या,

अक्षर ओळखलं असशील. पाकीट बाजूला टाकण्याआधी एवढं वाच, की मी भांडायला लिहीत नाही आणि माफी मागायलाही नाही. आपल्या नाल्याच्या वरच्या टोकाला असलेल्या रंगाच्या कारखान्याने सांडपाणी साफ करायचं केंद्र बांधायला तुला नोकरीवर घेतलं, तेव्हा मी भर सभेत म्हणाले होते की काही जण खून करतात आणि काही जण खुन्याला हात धुवायला पाणी घालतात. तू तिसऱ्या रांगेतून उठून गेलास, आणि मग कारखान्याकडेच राहायला गेलास. ते वाक्य चांगलं होतं, असं माझं आजही मत आहे. तो विषय तिथेच राहू दे.

मला माहिती हवी आहे. आपल्या घराण्यात पर्यावरण अभियांत्रिकीची पदवी घेतलेला तू एकटाच, आणि आता माझ्या लेकीला तेच शिकायचं आहे. तू गेलास तेव्हा मुंगी फ्रॉकमध्ये होती. आता माझ्यापेक्षा उंच आहे आणि मी बोलायला लागले की खिडकीबाहेर बघते. मी तिला वकील करणार होते. शाळेत उशिरा येण्याच्या हक्कावर जिने सात वर्षांची असताना भाषण ठोकलं, त्या पोरीने नळ आणि नाल्या शिकायच्या, हे माझ्या डोक्यात शिरत नाही. मी शिरवायचा प्रयत्न करते आहे, हे लक्षात घे.

तिला दोन ठिकाणी जागा मिळते आहे. एक राजधानीतलं मोठं विद्यापीठ. त्याचं नाव ऐकलं की आमच्या गल्लीतला वाणी हातातला तराजू खाली ठेवतो. दुसरं आमच्याच शहराच्या टोकाचं छोटं कॉलेज, पालिकेच्या सांडपाणी केंद्राच्या भिंतीला लागून. त्याचं नाव ऐकलं की तोच वाणी नाकाला रुमाल लावतो. मोठ्याची फी झेपायची तर रस्त्याकडची खोली भाड्याने द्यावी लागेल. ती खोली तुला माहीत आहे. आमच्या नाला बचाव समितीच्या बैठका वीस वर्षं तिथे होतात. खुर्च्या तिथे, फलक तिथे, भांडणं तिथे. ती गेली तर समिती कुठे बसणार, हा प्रश्न मी घरात कुणापुढे काढलेला नाही. तुझ्यापुढे काढते आहे, कारण तू लांब आहेस.

तुझे भावोजी कापड बेतता बेतता म्हणाले, "माप घेतल्याशिवाय कात्री लावू नका. धाकट्याला विचार. तो हेच शिकलाय, आणि त्याला दोन ओळींत उत्तर देता येतं." यातला शेवटचा टोला कुणाला होता ते तू ओळखशीलच.

तर सांग. या पदवीत पैसे घालून हातात येतं काय? कुठली जागा घेण्यासारखी, कुठली नुसती चकचकीत? मी राज्यक्रांत्यांचे इतिहास वाचले, अर्थशास्त्र वाचलं, तुरुंगात बसून तत्त्वज्ञान वाचलं. आणि एका कॉलेजचं माहितीपत्रक वाचून मला काहीही कळत नाही. महिनाअखेर कळवायचं आहे.

ताई


१३ जून

धाकट्या,

पोस्टकार्ड मिळालं. मायना नाही, ख्यालीखुशाली नाही. "गेल्या वर्षी बाहेर पडलेली मुलं आज कुठे आहेत ते एकेकाचं विचार. उपकरणं मुलं वापरतात की पाहुण्यांना दाखवतात ते बघ. शिकवणारा चिखलात शेवटचा कधी उतरला ते विचार. संडास बघ. मुंगीला आशीर्वाद." तार करतोस तसं लिहिलं आहेस. पण निदान लिहिलंस.

संडासाचं वाचून मुंगी इतकी हसली की तिला ठसका लागला. "मामा असाच होता का गं?" असं तिने विचारलं. मी म्हटलं, असाच होता. यापुढे तिने काही विचारलं नाही आणि मी काही सांगितलं नाही.

आम्ही मोठ्या विद्यापीठात जाऊन आलो. काचेची इमारत, मधोमध झाड, झाडाभोवती बाक. विभागप्रमुख आम्हाला स्वतः हिंडवत होते. काय बोलतो तो माणूस, धाकट्या. पाण्याचा इतिहास म्हणजे माणसाच्या लाजेचा इतिहास आहे, असं म्हणाले आणि तिथून बुडालेल्या शहरांवर गेले, तिथून साथीच्या रोगांवर, तिथून नागरिक या शब्दावर. मी चालता चालता थांबले. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणाचं भाषण संपू नये असं वाटलं. मनात म्हटलं, खोली गेली तरी चालेल.

मग मुंगीने विचारलं, "सर, या इमारतीचं सांडपाणी कुठे जातं?"

ते हसले. चिडून नाही, छान हसले. "पालिकेच्या गटारात जात असावं. चांगला प्रश्न आहे, मलाही बघायला हवं." मग पुन्हा बुडालेल्या शहरांकडे वळले.

तुझे प्रश्न मी विचारले. मुलं परदेशी कंपन्यांत आहेत, सल्लागार आहेत, दोघं मंत्रालयात आहेत. एकेकाचं विचारलं तर त्यांनी छापील पान हातात दिलं. उपकरणांवर धूळ नव्हती. ती वापरून गेली होती की पुसून, हे मला कसं कळणार? पडद्याला जोडलेलं एक सूक्ष्मदर्शक होतं. त्यात पाण्यातले जीव वळवळताना दिसत होते. मुंगी तिथून हलेना. तिला ती जागा आवडली आहे, हे मी लपवणार नाही. चिखलाचं विचारलं तेव्हा सर म्हणाले, "चिखलात उतरायला आपण माणसं तयार करतो, बाई." हे उत्तर आवडावं की न आवडावं, हे मी अजून ठरवते आहे.

आणि संडास उत्तम होता. आपल्या घरापेक्षा स्वच्छ. आता तुझ्या कसोटीचं काय करू?

ताई


१९ जून

धाकट्या,

काल छोट्या कॉलेजात गेलो. वासाने आधी स्वागत केलं. मग पायात गमबूट घातलेल्या एक बाई आल्या. त्याच विभागप्रमुख. त्यांचं बोलणं म्हणजे काय सांगू, वाक्य सुरू करतात आणि अर्ध्यावर सोडून मान हलवतात, जणू पुढचं समोरच्याला ठाऊकच आहे. मला दोनदा वाटलं की यांना सभेत कसं बोलावं याचे धडे द्यावेत.

मी विचारलं, "गेल्या वर्षीची मुलं आज कुठे आहेत?"

त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. दोघं पालिकेत. एक दूध डेअरीत, तिथलं सांडपाणी बघतो. एक मुलगी इस्पितळाचा कचरा बघते. एक मोबाइल विकतो. "आणि दोघं घरी."

"घरी म्हणजे?"

"मिळालं नाही काही. म्हणजे... अजून."

"मग आम्ही मुलीला इथे का घालावं?"

"ते मी कसं सांगू," बाई म्हणाल्या. "तुम्ही ठरवा ना."

असा दुकानदार मी पाहिला नाही. तराजूत माल टाकायचा आणि वर स्वतःच सांगायचं की यात दोन कांदे नासके आहेत. मी चिडले. विरोधक गुळमुळीत असला की माझं सगळं तेज वाया जातं, तुला माहीत आहे.

चिखलाचं विचारायची गरजच नव्हती, बाईंच्या बुटांना तो होता. उपकरणं जुनी, काहींना चिकटपट्टी, आणि प्रत्येकाभोवती मुलं. ती आमच्याकडे बघतसुद्धा नव्हती. संडासाची कडी तुटलेली. मी आत आणि मुंगी बाहेर दार धरून उभी. "आई, मामाला काय लिहिणार?" तिने बाहेरून विचारलं. मी म्हटलं, गप्प उभी राहा.

निघताना मुंगीने मुलाखत कधी असते ते विचारलं. बाई म्हणाल्या, "मुलाखत नसते. एक काम असतं. तुमच्या मोरीचं पाणी कुठे जातं ते शोधून यायचं."

मीच उत्तर दिलं. "गटारात जातं. गटार इकडे येतं, तुमच्या भिंतीपलीकडे."

"पाहिलंय?"

"पाहायचं काय त्यात?"

बाईंनी मान हलवली. मग मुंगीच्या हातात पुडीएवढं काहीतरी दिलं. पाण्यात टाकायचा हिरवा रंग, निरुपद्रवी, मासेसुद्धा मरत नाहीत. तो मोरीत ओतायचा आणि कुठे निघतो ते बघायचं. सगळी नवीन मुलं हे करतात. "फक्त आधी पालिकेत कळवा. आणि गल्लीत सांगून ठेवा. नाहीतर लोक उगाच... घाबरतात."

घरी येताना बसमध्ये मुंगीने विचारलं, "आई, तुला खरंच माहितीय आपलं पाणी कुठे जातं?" मी वीस वर्षं नाल्यावर बोलते आहे, त्या अधिकाराने हो म्हणाले. मग रात्रभर मोरीतल्या जाळीकडे बघत बसायचंच काय ते उरलं होतं. तेवढं केलं नाही, झोपले. पण शांत झोपले असं नाही.

ताई


२५ जून

धाकट्या,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहायला घेतलं आहे. पहिली दोन भाषणं झाली होती.

मुंगीने पालिकेत कळवलं. गल्लीत सांगायचं काम माझ्याकडे होतं. त्या दिवशी समितीची बैठक होती, मी बोलत होते, बोलणं लांबलं, आणि सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे राहिलं, यावर आणखी काही म्हणू नकोस.

काल सकाळी मुंगी कोपऱ्यावरच्या मुख्य गटाराचं झाकण उघडून उभी राहिली. बाईंची दोन मुलं मदतीला होती. मी घरी मोरीत रंग ओतला, वरून बादल्या ओतल्या. तुझ्या भावोजींनी आणखी दोन ओतल्या आणि म्हणाले, "आज पहिल्यांदा नाल्याच्या चळवळीत मला काम मिळालं." गटारात रंग आला नाही. पुन्हा पाणी ओतलं. तरी नाही. मग नाल्याकडून आरडाओरडा ऐकू आला.

नाल्याच्या पायऱ्या तुला आठवतात. दरवर्षी समितीच्या वर्धापनदिनाला मी तिथेच बाटली भरते, काळं पाणी व्यासपीठावर उंच धरते आणि विचारते की हे कुणी केलं. लोक कारखान्याचं नाव घेतात. मी तिथे पोचले तर पायऱ्यांच्या थोडं वर, झुडपाखाली एक फुटका पाइप, त्यातून पोपटाच्या रंगाचं पाणी नाल्यात पडत होतं. पाइप तिथे आहे हे मला माहीतच नव्हतं. सगळी गल्ली जमली होती.

"ताई आल्या. बाजूला व्हा, ताई आल्या."

"बघा ताई, आज कारखान्याने हद्द केली."

"आता सोडायचं नाही. बोला तुम्ही."

वाण्याने दुकानातलं स्टूल आणून ठेवलं. मी चढले. सवयीने चढले, रे. वर उभी राहिले आणि पाइपाकडे पाहिलं आणि मला दुसरं काही सुचेना. मी म्हणाले, "हे पाणी माझ्या मोरीतलं आहे."

टाळ्या पडल्या.

मी पुन्हा म्हणाले, "खरंच माझ्या मोरीतलं आहे. आत्ता मी स्वतः ओतलं."

टाळ्या वाढल्या. वाणी शेजारच्याला म्हणाला, "याला म्हणतात बोलणं. दुसऱ्याचं पाप स्वतःच्या पदरात घेतलं." एका म्हातारीने डोळ्याला पदर लावला. मी तिसऱ्यांदा सांगितलं, आवाज चढवून. आवाज चढवला हीच चूक झाली, कारण मग घोषणा सुरू झाल्या. कारखान्याविरुद्ध. वीस वर्षं या लोकांना मी वाकवून, फुलवून बोललेलं ऐकायची सवय लावली. साधं वाक्य घेऊन उभी राहिले तर ते कुणी घेईना.

मुंगी धावत आली. ती स्टुलावर चढली नाही. तिने वाण्याचं कोपर धरलं. "काका, तुमच्या दुकानात नळ आहे ना? चला जरा." उरलेला रंग तिने त्याच्या हातात दिला, त्याच्याकडूनच त्याच्या मोरीत ओतवला आणि त्याला परत पायऱ्यांपाशी आणलं. लोक कंटाळून पांगायला लागले होते तेवढ्यात पाइपातलं पाणी, जे फिकं झालं होतं, पुन्हा हिरवं झालं.

वाणी पाइपापाशी वाकला. "म्हणजे हे माझं?"

"तुमचं, आमचं, अख्ख्या गल्लीचं. आपली गल्ली मुख्य गटाराला जोडलेलीच नाही, काका. संडाससकट सगळं इथे येतं."

"मग कारखाना?"

"त्याचं वेगळं मोजावं लागेल. त्याचंही येत असेल. किती, ते मला नाही माहीत."

"मग हे जोडायचं कसं? तू सांग."

"आपली गल्ली गटारापेक्षा खाली आहे बहुतेक. उतार उलटा पडतो. कसं करायचं ते मला अजून येत नाही. शिकायला चाललेय."

"कुठे?" वाण्याने विचारलं.

मुंगीने माझ्याकडे पाहिलं. मी स्टुलावर होते. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं, की मी स्टुलावर आहे, सगळे माझ्याकडे बघताहेत आणि मला उत्तर ठाऊक नाही.

कारखाना निर्दोष आहे असं मी म्हणत नाही, म्हणणारही नाही. पण आता बाटली उचलायची झाली तर त्यातलं त्याचं किती आणि आमचं किती? तुझं केंद्र चालतं का? चालत असेल तर इतकी वर्षं बोलला का नाहीस? की बोलला होतास आणि टाळ्या चालू होत्या?

ताई


१ जुलै

धाकट्या,

तुझं दुसरं कार्ड काल आलं. "नावाचा उपयोग पहिल्या नोकरीपर्यंत. मी तेच विकत घेतलं, पस्तावलो नाही. उतार काढायला मात्र नंतर एका मुकादमाच्या शिव्या खाऊन शिकलो. केंद्र चालतं. नीट चाललं की तिथे कुणी येत नाही." शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. ही तक्रार आहे की समाधान, हे मला ठरवता आलेलं नाही. ज्या कामाला कुणी बघायला येत नाही ते माणूस सकाळी उठून कसं करतो? खरंच विचारते आहे.

काल कळवायचा शेवटचा दिवस होता. जेवताना मुंगी म्हणाली, "आई, खोलीचा विचार बाजूला ठेवून सांग. कुठे जाऊ?"

तिला खोलीचं कळलं होतं. मी कधी बोलले नव्हते, तरी कळलं होतं.

मी प्रयत्न केला. छोटं कॉलेज चांगलं आहे असं मला मनापासून वाटतं. आणि छोट्या कॉलेजमुळे माझी खोली वाचते. या दोन गोष्टी मी वेगळ्या करायला बसले आणि त्या होईनात. मी म्हटलं, "मला सांगता येत नाही. मी छोटं म्हणेन, पण माझ्या म्हणण्याचा भरवसा धरू नकोस."

"कारणं दोन असली तरी पोर एकाच ठिकाणी जाणार आहे," तुझे भावोजी म्हणाले. "तिला जेवू दे."

मुंगीने ताटातलं संपवलं. मग म्हणाली, "तिथे गेले तर मी परत येणार नाही, आई. मी ओळखते ना मला. ते सूक्ष्मदर्शक आहे, ते सर आहेत, मी तिथलीच होऊन जाईन. वाईट नाही ते. पण वाणीकाका रोज विचारतात, झालं का गं जोडून? अजून प्रवेशसुद्धा नाही माझा." ती हसली आणि रिकाम्या ताटात बोट फिरवत राहिली. "बाई म्हणाल्या, पुढचं शिकायला मोठ्या ठिकाणी जाता येतं. तेव्हा उलट तेच पैसे देतात. मी विचारून घेतलंय."

"बाई एवढं लांब वाक्य बोलल्या?"

"दोन दिवस लागले त्यांना."

तर छोटं कॉलेज ठरलं. मला हायसं वाटलं, आणि वाटल्याबरोबर लाज वाटली, आणि लाज वाटली तरी हायसं वाटणं काही गेलं नाही. मोठ्या विद्यापीठातल्या सरांना मुंगीने नकार कळवला तेव्हा मी दुसऱ्या खोलीत गेले. त्यांचं भाषण मला अजून ऐकायचं होतं. तिने फायद्याचा सौदा केला की तोट्याचा, हे तू सांगू शकशील. मी सगळ्यांना सांगत फिरते आहे की फायद्याचा. ज्या जोरात सांगते त्यावरून तुला कळेल की मला खात्री नाही.

आता खरं काम. रविवारी सकाळी गल्लीची सभा आहे, गटार जोडण्यासाठी. पालिका नाही म्हणेल, मग पालिकेविरुद्ध बोलू, असा माझा हिशेब होता. पालिका हो म्हणाली. खणून देतो म्हणाली, फक्त गल्लीने एकमत करून द्यावं, कारण उताराच्या हिशेबाने चर लोकांच्या अंगणांतून जाणार आणि वाण्याचा ओटा फोडावा लागणार. वाणी ओट्याला हात लावू देत नाही. तो वाईट माणूस नाही. परवा त्याने मुंगीला गमबूट घेऊन दिले.

म्हणजे समोर बसणार वाणी, शेजारणी, ती म्हातारी. यांच्याविरुद्ध बोलायचं नाही, आणि यांच्या सोयीचं बोलायचं नाही. मी कागद घेऊन बसले आहे. "मित्रहो" एवढं लिहून झालं आहे. ज्या सभेत कुणी शत्रूच नसतो, तिथे सुरुवात कशी करतात रे? तू आयुष्यभर अशाच लोकांची अंगणं खणलीस, तुला माहीत असणार. पत्र पाठवू नकोस, रविवारपर्यंत पोचणार नाही. गाडीने ये. मुंगी म्हणते, उतारापासून सुरू कर. उतारावर माझ्याकडे एकही वाक्य नाही.

ताई